सांगलीत राहून अभिनय सुरू करायचा असेल तर

प्रश्न विचारणारे विट्याकडचे आहेत. वय २७, सांगलीत एका पतसंस्थेत कारकून. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर रंगमंचावर पाय ठेवलेला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आता उशीर झाला का, क्लास लावू की सरळ मुंबई गाठू, आणि माझी बोली आड येईल का? जाता जाता एक ओळ त्यांनी आणखी लिहिली आहे, "मला खोटं खोटं रडता येत नाही, मग मला हे जमेल का?" माझ्या मते यातला खरा प्रश्न तो शेवटचाच. त्याच्याकडे जरा फिरून येतो.

वयाचं आधी उरकून टाकू. डॉ. श्रीराम लागू आपल्या साताऱ्याचे, जन्म १९२७ चा. नाक-कान-घशाचे सर्जन. १९६९ साली, बेचाळिशीत, त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते पूर्णवेळ नट झाले. उशिरा जाग आलेला प्रत्येक जण हा दाखला खिशात घेऊन फिरतो. पण दाखला अर्धाच वाचला जातो. मेडिकल कॉलेजात असल्यापासून ते नाटकं करत होते, पुढे पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर राबले. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी अभिनय सुरू केला नाही, डॉक्टरकी थांबवली. साताऱ्याजवळच्या वेळे-कामथीचे सयाजी शिंदेही पाटबंधारे खात्यात रात्रीची वॉचमनची नोकरी करत होते आणि त्याच काळात नाटक करत होते. या दोन्ही दाखल्यांतून तुमच्या कामाचं एवढंच निघतं की पतसंस्थेची नोकरी सोडायची नाही. सत्तावीस हे वय सुरुवातीला अगदी बरं आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोराला बापाची भूमिका दिली की तो कमरेत वाकतो आणि खोकतो. तुम्ही कर्जाच्या काउंटरवर बसून हप्ते थकलेले बाप रोज बघता. त्यातला एकही खोकत आत येत नाही.

मुंबईचंही तसंच. पहिली दोन-तीन वर्षं मुंबईत काढण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. तिथे ऑडिशनच्या रांगेत उभं राहता येतं, पण रांगेत उभं राहून कोणी शिकत नाही. शिकायला चुका करायची जागा लागते, आणि ती जागा आपल्याकडे मुंबईपेक्षा स्वस्त आहे. रीतसर शिक्षण घ्यायचंच असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, १९५९ पासूनचं, तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. तिथे प्रवेशाला पदवी लागते आणि आधी नाटकं केलेली असावी लागतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. म्हणजे या वाटेनं जायचं तरी आधी इथली चार नाटकं गाठीशी हवीत. सुट्ट्यांच्या दिवसांत 'सात दिवसांत अभिनेता' असली शिबिरं असतात, त्यांच्याबद्दल माझं मत फार बरं नाही. सातव्या दिवशी प्रमाणपत्र मिळतं आणि घरच्यांसोबत फोटो.

आता मूळ मुद्दा. नवीन आलेला प्रत्येक जण समजतो की अभिनय म्हणजे भाव दाखवणं. राग दाखवायचा, दुःख दाखवायचं, प्रेम दाखवायचं. त्यामुळे तो घरी आरशासमोर उभा राहतो, आणि आरशासमोर जेवढा सराव होईल तेवढं पुढे आमचं, म्हणजे तालीम घेणाऱ्यांचं, काम वाढतं. कारण आरशात समोर दुसरा माणूस नसतो. या धंद्यात पहिलं आणि शेवटचं काम ऐकण्याचं आहे. समोरचा काय म्हणाला, कसं म्हणाला, म्हणताना त्यानं नजर कुठे ठेवली, हे तुमच्या कानावर आणि डोळ्यावर खरोखर पडलं तर तुमचं वाक्य आपोआप बरं येतं. नाही पडलं तर तुम्ही घरी ठरवून आणलेलं वाक्य म्हणता, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा कळतं.

हे काही बाहेरून आलेलं शहाणपण नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' याच सांगलीत उभं केलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, भावे नाट्यमंदिरात गौरवपदक दिलं जातं, हे तुम्ही पेपरात वाचत असालच. पण तो खेळ चालायचा कसा? सूत्रधार पदांतून कथा गायचा आणि त्याच्या धाग्यावर पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी रचून बोलायची. लिहून दिलेला संवाद नव्हता. सूत्रधारानं काय गायलं इकडे ज्याचं लक्ष नाही तो राक्षस झालेला नट बोलणार काय? तमाशाच्या वगाचंही, म्हणजे त्यातल्या नाटकाचंही, तसंच. आपल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवायचे तेव्हा कागद कुठेच नसायचा, होता तो कान. आज आपल्या हातात छापील संहिता आहे, आणि तिनंच आपल्याला बहिरं केलं आहे. पुढचं वाक्य ठाऊक असतं, म्हणून कोणी समोरच्याचं ऐकतच नाही.

तालमीतलं एक उदाहरण सांगतो, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान होणार नाही. नवीन मुलांसाठी मी एक छोटा प्रवेश लिहिला होता. दोन भाऊ, सामाईक शेत. थोरला मार्केट यार्डात हळदीचा सौदा करून आलाय, धाकटा घरी पट्टीची, म्हणजे विक्रीच्या पावतीची, वाट बघतोय.

धाकटा: पट्टी आणलीस?
थोरला: ही घे. पैसे मोजून घे.
धाकटा: मोजायचं काय त्यात.
थोरला: मोज.

एवढंच. थोरल्याचं काम करणारा मुलगा कापडाच्या दुकानात कामाला होता, आवाज दणदणीत. त्यानं पहिल्याच वेळी 'पैसे मोजून घे' असं ओरडून सांगितलं आणि पाकीट आपटलं. विचारलं, का रे? म्हणाला, भांडण आहे ना यांच्यात. म्हटलं, असेल, पण तुला त्याच्याकडून काय हवंय? तो म्हणाला, मला राग आलाय. म्हटलं, राग तुझा तुझ्यापाशी ठेव, त्यानं काय करावं असं तुला वाटतं? जरा वेळ गेला. मग तो म्हणाला, "त्यानं माझ्यादेखत मोजावेत. म्हणजे उद्या बायकोच्या नादानं म्हणायला नको, की दादानं पाचशे मारले." झालं काम. पुढच्या वेळी त्यानं पाकीट आपटलं नाही. हातात दिलं आणि हात मागे घेतला. वाक्य हळूच म्हटलं आणि धाकट्याच्या बोटांकडे बघत राहिला, मोजतोय का नाही ते. आता गंमत बघा. धाकट्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पण थोरला बोटांकडे बघतोय म्हटल्यावर त्याची बोटं पाकिटाशी अडखळली. उघडलं तर अविश्वास दिसणार, नाही उघडलं तर भाऊ हटणार नाही. 'मोजायचं काय त्यात' हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं ओशाळं आलं की बसलेली सगळी मंडळी गप्प झाली. शेवटचं 'मोज' तर थोरल्यानं जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हटलं. कोणीही कसलाही भाव दाखवला नव्हता.

नंतर आम्ही तोच प्रवेश वेगवेगळ्या हेतूंनी केला. थोरल्याला धाकट्याला हिणवायचंय. थोरल्यानं खरंच पाचशे काढलेत आणि त्यानं मोजू नयेत असं वाटतंय. बहिणीच्या लग्नाआधी थोरल्याला भांडण मिटवायचंय. प्रत्येक वेळी वाक्य बदललं, आणि आवाज कसा काढायचा हे मला एकदाही सांगावं लागलं नाही. तुम्ही घरी एकटे असाल तेव्हा कोणत्याही प्रवेशाला हे दोन प्रश्न लावून बघा: मला समोरच्याकडून काय हवंय, आणि ते मिळायच्या आड काय येतंय. उत्तर एका साध्या क्रियापदात आलं पाहिजे. 'मी दुःखी आहे' हे उत्तर चालत नाही, त्याचं काही करता येत नाही. 'तिला थांबवायचंय' चालतं.

क्रियापदावरून आवाजाकडे येतो, कारण नवीन मराठी नटाचा हमखास घोटाळा तिथेच आहे. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेपटाला येतात. आणि श्वास संपतो तोही शेपटालाच. 'मी त्याला पैसे दिले नाहीत' यात 'मी त्याला' दणक्यात येतं, 'पैसे' ऐकू येतं आणि 'दिले नाहीत' नटाच्या शर्टाच्या खिशात पडतं. प्रेक्षकाला कळतं ते नेमकं उलटं. तालमीत आम्ही याला वाक्य खाणं म्हणतो. उपाय ओरडण्याचा नाही. श्वास पोटातून घ्या, वाक्य सुरू करायच्या आधी घ्या आणि शेवटच्या शब्दाला थोडा शिल्लक ठेवा. रोज सकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचा, पंधरा मिनिटं, घरातल्या लांबच्या खोलीत बसलेल्या माणसाला शेवटचा शब्द ऐकू जाईल असा. अग्रलेख यासाठी की त्याची वाक्यं लांबलचक असतात आणि क्रियापद येता येत नाही. घसा बसला तर त्या दिवशी गप्प राहा. कुजबुजून तालीम करू नका, कुजबुजल्यानं घशाला आराम मिळत नाही, उलट ताणच पडतो.

बोली. तुम्ही 'माझी गावठी भाषा' असं लिहिलं आहे, ते आधी खोडा. खानापूर-आटपाडीकडचा हेल, तो 'आलोय की', 'व्हय', 'नव्हं', हे तुमचं भांडवल आहे. पुण्यामुंबईतले नट तो हेल आणायला धडपडतात आणि सगळ्यांचा एकसारखा, कुठल्याच गावचा नसलेला 'ग्रामीण' बोलतात. पण भांडवल एकाच ठिकाणी अडकून राहू नये. प्रमाण मराठी तुम्हाला तेवढ्याच सहजपणे आली पाहिजे, वकिलाची, प्राध्यापकाची, राजवाड्यातल्या माणसाची. 'ण' आणि 'न', 'श' आणि 'स' वेगळे ऐकू आले पाहिजेत. हे सहा महिन्यांच्या वाचनानं साधतं. करायचं नाही ते एकच: प्रमाण बोलताना तोंड वाकडं करून 'शुद्ध' होणं. बँकेच्या साहेबासमोर आपण जसं बोलतो तसलं ते अवघडलेलं बोलणं रंगमंचावर फार वाईट दिसतं.

आता रडण्याकडे. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक (अंगाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेषभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा). त्यातले सात्त्विक भाव आठ आहेत, स्तंभ, स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). आठातला एक अश्रू, आणि आपण सगळे त्याच एकाच्या मागे लागलोय. स्तंभ म्हणजे माणूस जागच्या जागी थिजणं. दुःखद निरोप ऐकल्यावर तुम्ही प्रत्यक्ष लोकांना बघितलं असेल. पहिल्या क्षणी किती जण रडतात? बहुतेक जण हातातलं काम पुरं करतात. कोणी गॅस बंद करतं, कोणी चप्पल शोधतं. आणि रडू आलंच तर माणूस ते आवरायला बघतो, चारचौघांत तर नक्कीच. नट मात्र नेमकं उलटं करतो, न येणारं रडू ओढून आणायला बघतो, आणि त्या ओढाताणीत चेहऱ्याचा चुरा होतो. तेव्हा 'खोटं खोटं रडता येत नाही' ही तुमची तक्रार माझ्या लेखी चांगली खूण आहे. भूमिकेला रडू येईल तेव्हा ते आवरायचं कसं याचा सराव करा. पाणी आलं तर आलं, नाही आलं तरी बिघडत नाही.

काही ठिकाणी शिकवतात की आपल्या आयुष्यातलं दुःख आठवा, गेलेली आजी आठवा. मला हे पटत नाही. आजी पहिल्या प्रयोगाला येते, दुसऱ्याला येते, पुढे ती येत नाही आणि नट तिथे उभा राहून आजीची वाट बघतो, समोरचा नट काय बोलला तिकडे त्याचं लक्षच नसतं. ज्या रशियन दिग्दर्शकाच्या नावावर हे खपवलं जातं तो स्तानिस्लाव्हस्की स्वतः उत्तरायुष्यात भावनेच्या आठवणींवरचा भर कमी करून शरीराच्या साध्या कृतींकडे वळला होता. करायला काहीतरी द्या, भाव मागून येतो.

म्हणूनच 'हातांचं काय करू' या सगळ्या नवशिक्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे, हातांना काम द्या. आणि काम नसेल तर ते लोंबू द्या, लोंबणारे हात प्रेक्षकाला खटकत नाहीत, तुम्हालाच खटकतात. सरावासाठी रोजचं एखादं काम वस्तू न घेता करून बघा. तुमच्या बाबतीत नोटा मोजणं घ्या. अंगठ्याला पाणी लावायचा स्पंज कुठे आहे, शंभराची नोट पाचशेच्या गड्डीत आली तर बोट कुठे थांबतं, रबर कुठल्या मनगटात आहे. नोटेचा आकार दर वेळी तोच राहिला पाहिजे. हसू येईल, पण महिनाभर केलंत तर कळेल की आपण स्वतःच्याच हातांकडे कधी बघितलेलं नाही. आणि मधल्या सुट्टीत मार्केट यार्डात सौदे चालू असतात तिथे उभे राहा. आपल्या मालाचा दर पुकारला जात असताना शेतकरी कुठे बघतो ते बघा. बहुतेकदा तो पुकारणाऱ्याकडे बघत नाही.

पाठांतराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण युक्ती एकच आहे. सुरात पाठ करू नका. एकदा चाल बसली की ती मोडायला दिग्दर्शकाचे आठ दिवस जातात. सपाट पाठ करा, भांडी घासताना, आयर्विन पुलावरून चालत जाताना. आणि समोरच्याची वाक्यंही पाठ हवीत. प्रयोगात कोणीतरी अर्धं पान गाळतोच. ज्यानं फक्त आपली वाक्यं आणि त्याआधीचा एक शब्द पाठ केला आहे तो अशा वेळी विंगेकडे बघायला लागतो. ज्याला प्रसंग ठाऊक आहे तो नाटक पुढे नेतो, आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

हे सगळं शिकायचं कुठे, तर हौशी संस्थेत. सांगली, मिरज, सातारा, कराड, इस्लामपूर, सगळीकडे अशी मंडळं आहेत. कोणाकडे शाळेचा वर्ग आहे, कोणी देवळामागच्या हॉलमध्ये तालीम करतं. रात्री आठला सुरू होते ती साडेदहापर्यंत चालते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात असते, त्यामुळे गणपती झाले की वाचनं सुरू होतात. तेव्हा जाऊन भेटा. भूमिका मागू नका, काम मागा. पहिल्या वर्षी तुम्हाला पुस्तक धरायला बसवतील, म्हणजे प्रॉम्प्टिंगला, विसरलेलं वाक्य आतून सांगायला, किंवा प्रॉपर्टीला, रंगमंचावरच्या वस्तू सांभाळायला. नाक मुरडू नका. पुस्तक धरणारा माणूस सगळ्यांची सगळी वाक्यं रोज ऐकतो. कोण कुठे अडखळतो, दिग्दर्शकानं काल काय बदललं, हशा कुठे यायला हवा होता आणि का आला नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडचे दोन चांगले नट असे पुस्तकावरूनच उठून उभे राहिलेले आहेत, कोणीतरी आजारी पडलं म्हणून.

हौशी रंगभूमीची एक खोड मात्र आधीच सांगून ठेवतो. दोन महिने तालीम आणि एक प्रयोग, असा आमचा हिशेब असतो. त्यामुळे सगळा जीव त्या एका रात्रीवर आणि परीक्षकांच्या टेबलावर जातो. नट टाळीची वाक्यं तिसऱ्या रांगेतल्या तीन माणसांना उद्देशून म्हणतात. याला स्पर्धेचा अभिनय म्हणतात, आणि तो अंगात मुरला की निघत नाही. खरी मेहनत दहाव्या प्रयोगाला कळते. तेच वाक्य, तोच चहा, तीच जागा, आणि तरी समोरच्याचं आज पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं. म्हणून जिथे नाटकाचे चार-पाच तरी प्रयोग करण्याची धडपड आहे असं मंडळ शोधा. गावच्या यात्रेत नाटक होत असेल तर तेही सोडू नका. तिथले टांगलेले माइक, मधेच जाणारी लाइट, पुढे बसून गोंधळ घालणारी पोरं, आणि प्रत्येक भावनिक प्रसंगात सगळी पात्रं सरकत सरकत माइकखाली जमणं, हे सगळं एकदा भोगलं की भावे नाट्यमंदिराचा रंगमंच म्हणजे स्वर्ग वाटतो.

कॅमेऱ्याचं विचारलेलं नाही, पण विचाराल. वाई-सातारा भागात सिनेमाचं चित्रीकरण जुनं आहे, आणि गेल्या काही वर्षांत मालिकांचंही वाढलं. स्थानिक नाटकवाल्यांना त्यात छोटी कामं मिळतात, मीही केली आहेत. तिथे ताण वेगळा असतो. सकाळी सातचा कॉल, तुमचा सीन लागतो संध्याकाळी पाचला, आणि तेही पाच मिनिटं आधी कळतं. संवादाचा कागद तेव्हाच हातात येतो. तोच सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसेल असा, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोजमध्ये, म्हणजे नुसता चेहरा. कप कुठल्या शब्दाला उचलला होता हे तुम्हाला आठवलं पाहिजे, नाहीतर एडिटला जुळत नाही. आवाज नाटकातला चालत नाही, भुवयाही नाटकातल्या चालत नाहीत. पण क्लोज लागतो तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते ऐकणंच. दुसरा बोलत असताना कॅमेरा तुमच्यावर असतो, आणि तुमच्याकडे वाक्य नसतं. पैसे दिवसाच्या हिशेबानं ठरतात आणि बहुधा ९० दिवसांनी येतात, तेही पाठपुरावा केला तर. पतसंस्थेतली नोकरी सोडू नका म्हणालो त्यात हेही होतं.

आणि फसवणुकीबद्दल. 'मालिकेत मुख्य भूमिकेसाठी तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे अमुक हजार पाठवा' असे मेसेज येतात. आमच्या मंडळातल्या एका मुलीच्या वडिलांनी असे पैसे भरले, नंतर तो फोन लागलाच नाही. भूमिका देणारा पैसे मागत नाही, तो देतो. पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा, आमचंच कार्ड घ्या, आमच्याच क्लासला या, यातलं काहीही म्हणाला की नमस्कार करून उठायचं. फोनवर उजेडात काढलेले दोन साधे फोटो आणि एक मिनिटाचा व्हिडिओ सुरुवातीला पुरतो. मुलींनी ऑडिशनला सोबत कोणाला तरी न्यावं, आणि सोबत चालणार नाही असं कोणी म्हटलं तर जाऊ नये.

घरच्यांना काय सांगायचं हेही तुमच्या पत्रात होतं. सध्या एवढंच सांगा की रात्री तालमीला जातो, अकराला घरी येतो, पगार घरातच राहील. नाटक बसलं की त्यांना प्रयोगाला बोलवा, मात्र पहिल्या प्रयोगाला नको. त्या दिवशी तुम्हाला स्वतःच्या हृदयाचे ठोके सोडून काही ऐकू येणार नाही.

गणपतीनंतर तालमीला जाल तेव्हा शंभर पानी वही आणि पेन्सिल न्या. पेन नेऊ नका, हालचाली रोज बदलतात आणि खोडाव्या लागतात. डाव्या पानावर वाक्यं, उजव्या पानावर तुम्ही कुठून कुठे जाता आणि का जाता. 'का' रिकामं राहिलं असेल तिथे दिग्दर्शकाला विचारा, पण तालीम संपल्यावर, चहाच्या गाड्यावर. तालमीत मधेच विचारलंत तर तो तुम्हाला पुन्हा पुस्तक धरायला बसवेल.